चार ते आठ

पहिला आला तो ओळखीतल्याच्या ओळखीचा.
पावती नको म्हणाला, तेवढेच पैसे वाचतील.
हे मशीन गरमही करतं, म्हणाला, थंडीत उपयोगी.
बायण्यात. थंडीत.
तीन महिन्यांत बाबा पहिल्यांदा हसले ते तेव्हा.

अकराव्या दिवशी प्लग वितळला.
भिंतीवर काळा ओघळ,
आणि त्याचा फोन कायमचा बंद.

वीज खात्यातली शेवंती म्हणाली,
अगो, लायसनवाला बघ.
रंग काढायला कोणीही चालतो,
भिंतीत वीज सोडायची तर
उद्या दारात उभा करता येईल असा माणूस हवा.

लायसनवाला निघाली लुर्दिना रिबेलो, कुठ्ठाळीची.
स्कूटरवर पायांमध्ये पंप,
शिडी आणि पोरगा मागाहून रिक्षाने.

तिने मशीनचं नाव काढलं नाही. आधी प्रश्न.
मंजूर भार किती? माहीत नाही.
अर्थिंगचा खड्डा कुठे? जास्वंदीखाली असावा.
ही भिंत दुपारी कुठवर तापते?
मी उठून भिंतीला तळवा लावला.
बत्तीस वर्षं ह्या घरात,
आणि मला सांगता येईना.

बाहेरच्या पेटीवर तिने बोट फिरवलं. बोट काळं.
"बंदरावरचा कोळसा. वर खारा वारा.
इथे लावलं त्याने? वर्षात कुजेल, बाय.
न्हाणीघराच्या मागे नेऊया.
पाइप लांब पडेल, पैसेही जास्त पडतील.
आधीच सांगते."

तेवढ्यात बाबा बाहेर आले, लुंगी नीट खोचून.
बोटीच्या शीतकोठारांत सव्वीस वर्षं काढलेला माणूस,
गोठलेलं मांस सांभाळत रॉटरडॅमपर्यंत;
हल्ली माझं नाव चुकवतो.
"पेपर्स," म्हणाले. हात पुढे.

मी ओशाळले. ती नाही.
प्लास्टिकच्या पिशवीतून तिने लायसन काढलं.
बाबांनी आकड्यांखालून बोट नेलं,
एकेक अंक मोठ्याने,
मुदत कुठल्या तारखेपर्यंत, तेही.
मग दोन्ही हातांनी परत दिलं
आणि तिच्यासाठी स्वतःची खुर्ची ओढली.

दुपारभर भिंतीला ड्रिल.
पोरग्याने घाई केली, गॅस सोडूया म्हणाला.
दोघं एकदमच ओरडले, बाबा आणि ती:
"आधी व्हॅक्यूम!"
पंप चाळीस मिनिटं घुमला. मग बंद.
आता नुसतं बघायचं, सुई हलते का.
बाबा गेजसमोर बसले.
मी चहा ठेवला, तो निवला.
इतक्या स्थिर नजरेने त्यांनी
गेल्या वर्षात कशाकडे पाहिलं नव्हतं,
माझ्याकडे तर नाहीच.
मला वाईट वाटलं का? वाटलं.
सुईचा हेवा वाटला, असं लिहायला लाज वाटते,
पण वाटला.

सुई हलली नाही.

बिल आलं, प्रत्येक स्क्रूसकट,
खाली लायसनचा नंबर, सही, शिक्का.
मी किंमत कमी करा म्हणाले, सवयीने.
लुर्दिना म्हणाली, "कमी करते,
पण मग काय कमी करू ते तुम्हीच सांगा."
मी पूर्ण दिले.
जाताना बाबांनी तिला विचारलं,
पुढचं बंदर कुठलं?
ती क्षणभर थांबली, हेल्मेटचा पट्टा हातात,
"कुठ्ठाळी," म्हणाली. आणि गेली.

रात्री खोली निवली.
सकाळी बिलाच्या पाठीवर
पेन्सिलीने आखलेला तक्ता सापडला:

आठ ते बारा, लुर्दिना, सव्वीस अंश.
बारा ते चार, मी, सव्वीस अंश.
चार ते आठ,
पुढे कोरं.

आता गजर लावते मी.
पहाटे चारला बंदरावर क्रेनचे दिवे असतात,
बाबा झोपलेले, पाय चादरीबाहेर.
मी पाय झाकते,
भिंतीला तळवा लावते. गार.
आकडा लिहिते.
नावाची जागा सोडते, त्यांच्यासाठी.