तिसऱ्यांदा देतात

साडेसहाला सातपूरचा भोंगा वाजतो,
कामगार घरी निघतात
आणि आमच्या दुसऱ्या मजल्यावर ओहायोची सकाळ होते.
मी दातांची बिलं करते,
कधीच न पाहिलेल्या जबड्यांची.

शिकवलं डोरीनने. तीन आठवडे, न चिडता:
"विमावाले नाही म्हणाले तर पुन्हा विचार.
तिसऱ्यांदा देतात."
चौथ्या आठवड्यात ती नव्हती.
तिचा पासवर्ड मला मिळाला,
कुत्र्याचं नाव असावं.

माझ्या पगारात आईची कवळी बसली.
पहाटे गाडी द्वारकेला सोडते,
आई ग्लासातून दात काढून लावते,
मगच विचारते, जेवलीस का?

सोमवारपासून मनिलाची एक मुलगी येणार पडद्यावर.
साहेब म्हणाले, नीट शिकव.

पासवर्ड मी बदललेला नाही.