समुद्र नसेल तेव्हा

फेरो बेटांवरच्या त्या गावात
मी पहिल्यांदा उपदेशाला उभा राहिलो
तेव्हा होडीनं पोटातलं सगळं बाहेर काढलं होतं;
झग्याला अजून वास होता.

चौदा माणसं. छपरावर गवत.
आढ्याला टांगलेलं हातभर लाकडी जहाज
दार उघडलं की सावकाश वळायचं,
नाक वाऱ्याकडे.

वचन शेवटल्या पानांमधलं:
आकाश नवं, पृथ्वी नवी,
आणि समुद्र उरणार नाही.

कोपनहेगनला शिकलेलं सगळं मी मांडलं.
समुद्र म्हणजे इथं पाणी नव्हे, म्हटलं,
समुद्र म्हणजे जुना अंधार,
श्वापदं वर येतात तो खळगा.
ग्रीक शब्द सांगितला, त्यामागचा हिब्रू सांगितला,
उजेडात धरून अंगठीसारखा फिरवून दाखवला.

चौथ्या बाकावरचा हानुस खाकरला.
"मग तिथं खायचं काय?"
कुणी हसलं नाही.
चौदा जणांना तेच विचारायचं होतं.

हे रूपक आहे, मी म्हणालो.
ओली काडी घासत राहावी
तसा बराच वेळ म्हणत राहिलो.

नंतर दारात
मार्युननं माझा हात सोडलाच नाही.
सत्तरीची असेल. बोटांना लोकरीचा तेलकटपणा.
"समुद्र नसेल म्हणालात."
"हो, म्हणजे त्याचा अर्थ असा, की—"
"अर्थ राहू द्या. पाणी जाईल ना?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

"मग तळ दिसेल,"
ती म्हणाली, ओहोटी सहाला आहे
असं सांगावं तशी.
"येग्वान सापडेल. त्याचा धाकटा भाऊसुद्धा.
डाव्या बुटाच्या टाचेत पितळी खिळा आहे,
मीच ठोकलेला.
मला लांबूनसुद्धा कळेल."

मग हात सोडून ती उतारावरून निघून गेली,
मेंढ्यांना बाजूला सारत.

आता माझेही गुडघे दुखतात.
ती ओळ दरवर्षी येते.
टिपणं घरीच ठेवतो.
वाचतो आणि थांबतो, जरा जास्तच;
तरुण डीकनला वाटतं, म्हातारा विसरला.
पण बाकांवरून उठून कुणी कुणी
तेवढ्यात त्या कोरड्या तळावर उतरलेलं असतं,
खाली वाकून, दगड उलटे करत.
त्यांना परत यायला वेळ लागतो.

हानुसला मात्र
मी अजून काही सांगू शकलेलो नाही.