दुसरं शिंग

एक-चौदाच्या उताऱ्यावर हा सडा
'पडीक, खडकाळ' एवढ्यातच संपतो.
सांग्याच्या पुढे, जिथे मोबाइलवर
शेजारच्या राज्याचं स्वागत येतं
आणि खाणीचे पिवळे खांब
गवतात तिरके उभे आहेत.

सोयरू वेळीप कळशी कलंडवतो.
"उदक घालिनासतना दिसना तो."
जांभ्यावर पाणी पसरतं,
आधी वशिंड उठतं, मग पाठ,
मग शेपटी,
आत्ताच माशी हाकलल्यासारखी.

इथे कोणी येतं का?
"जनगणनेवाले आयले. आनी तूं."

मी ट्रेसिंगचा कागद अंथरतो,
चार कोपऱ्यांवर चार दगड.
त्यातला एक हाताला वेगळा लागतो,
एका अंगाने घासून घासून गुळगुळीत.
तो उचलून पिशवीत ठेवतो.
कागदाचा तो कोपरा मग फडफडत राहतो.

दुसऱ्या शिंगाशी रेघ चुकली आहे.
हातातला दगड घसरला असावा,
चांगला दोन बोटं बाहेर,
आणि काम तिथेच थांबलंय.
पोर रडलं असेल.
किंवा नदीपलीकडून कुणी हाक मारली असेल
अशा नावाने, ज्याचा उच्चार
आता कुठल्याच तोंडाला ठाऊक नाही.

अहवालाला लांबी हवी, रुंदी हवी,
अंदाजे वय. लिहितो.
पेन्सिल मात्र शिंगाशी अडते.
हात शिवशिवतो, नीट करावं म्हणून.
नाही करत.

ऊन चढतं. बैल शेपटीकडून वाळत येतो.
सोयरू काही न बोलता
रिकामी कळशी घेऊन
नदीच्या वाटेला लागलाय.