वरबिना

लक्ष्मीपुरीतल्या बियाणाच्या दुकानात
पाकीट पुढं सरकवत पोरगा म्हणाला, व्हर्बिना.
घरी पोचेतो माझ्या तोंडात त्याचं वरबिना झालं.
शेजारच्या कमळाक्कानं पाकीट उलटंपालटं केलं, हसली:
वराबिना? मग तुझंच की गं हे झाड.
मीही हसले. त्रेपन्न वर्षांत
याहून वाईट विनोद ऐकलेत.

दिवसभर महाद्वारात बसते मी.
झेंडू पावशेर, शेवंती पावशेर,
वेणी मागेल तेवढ्या लांबीची,
ओटीच्या ताटात एक गुलाब वरकड.
केवडा महादेवाला नको, तुळस गणपतीला नको,
कुणाला काय चालतं ते झोपेतही सांगीन.
पण हिचं काय सांगू?
वास नाही. देठ आखूड.
दोऱ्यात ओवायला गेलं की पाकळी हातात.
कुठल्या देवानं मागितली नाही,
कुठल्या देवानं नाकारलीही नाही.

पहिल्या वर्षी मारल्या सगळ्या.
बी अंधारात रुजतं म्हणून
दसऱ्यानंतर ट्रेवर गोणपाट टाकलं;
कमळाक्काला वाटलं, कुत्र्याचं पिल्लू लपवलंय.
वीस दिवस काही नाही,
मग साठातल्या अकरा.
बहिणीच्या चिखलीच्या मळ्यातली काळी माती भरली,
पंचगंगेनं आणून घातलेली,
ऊस जिच्यात माणसाला झाकून टाकतो.
सकाळ-संध्याकाळ पाणी.
अकराच्या अकरा बुडाशी कुजल्या.
लाड केला, दुसरं काय.

उद्यमनगरच्या फौंड्रीतला अय्युब शिकलगार
दर गुरुवारी गुलाब न्यायला येतो.
त्याला रडगाणं सांगितलं तर म्हणाला,
मावशी, तुमचं पाणी अडतंय.
लोखंड ओतताना वाफेला वाट नसली
तर साचा फुटतो, कुंडीचंही तेच.
पुढच्या गुरुवारी एम-एटीच्या पायाशी
कोऱ्या वाळूचं पोतं ठेवून आला.
दोन वाटे माती, एक वाटा वाळू,
तळाला फुटक्या कौलाचे तुकडे.

चार बोटं उंच झाली की शेंडा खुडायचा.
दुकानात दिवसाला हजार देठं मोडते,
इथं एक मोडेना.
डोळे मिटून नख लावलं.
आठवड्यात बगलेतून दोन फांद्या,
दोनाच्या चार.
पानांवर भुरी आली तेव्हा
ताक पातळ करून शिंपडलं,
दोन दिवस गच्चीला आंबूस वास,
मांजर येऊन बसलेलं.

आणि ऊन. ऊन तिला आईसारखं लागतं.
टाकीच्या सावलीतली एक कुंडी
नुसती हिरवीच लांबत गेली.

माघात फुलली.
जांभळी, लाल, एक पांढऱ्या डोळ्याची,
वाटीएवढे गुच्छ, आत बारकी बारकी फुलं
शाळेच्या गेटवर दाटलेल्या पोरींसारखी.
रात्री दुकान बंद करून आले की
बॅटरी तोंडात धरून सुकलेले गुच्छ कापते.
बी धरू द्यायचं नाही.
बी धरलं की तिला वाटतं, झालं आपलं काम,
मग फुलायचं थांबते.
हे कमळाक्काला सांगितलं नाही.

परत येताना पिशवीत दिवसभराचं उरलेलं असतं,
कोमेजले हार, चेपलेला झेंडू.
ते बॅरलमध्ये टाकते, शेण घालते, काठीनं हलवते.
तीन महिन्यांनी काळं भुसभुशीत खत.
मुठीत घेतलं की अजून
थोडा कापराचा वास येतो, का मलाच वाटतं.
कुणीच न मागितलेल्या फुलाला
मी ते घालते. कुणी विचारलं नाही अजून.

यंदा एक फांदी कठड्यावरून
कमळाक्काच्या गच्चीत उतरली,
तिच्या कोथिंबिरीच्या डब्यात
पेऱ्याला मुळं फोडून बसली.
मला वाटलं, उपटून टाकेल.
काल कपडे वाळत घालता घालता,
तोंडातला चिमटा न काढताच विचारलं तिनं,
काय गं, हिला पाणी कधी घालायचं?

सकाळी, म्हटलं. बुडाशी.
पानांवर नको.