पापणीचा तक्ता

उमदीच्या माळावर सकाळी सात वाजता
चौसष्ट मेंढ्यांच्या खालच्या पापण्या
मी अंगठ्यानं ओढून बघते आहे.
दुसऱ्या हातात जाड कार्ड, त्यावर पाच रंग.

एक म्हणजे डाळिंबाचा पिकला दाणा.
दोन, पेरूचं गुलाबी पोट.
तीन, धुऊन धुऊन विटलेलं लुगडं.
चार, दुधात कुंकवाचं बोट बुडवलं तर होईल तसं काहीतरी.
पाच म्हणजे कागद.
ही नावं माझी. कार्डावर नुसते आकडे आहेत.

मेंढीच्या चौथ्या पोटात एक किडा असतो
सुताएवढा, लाल-पांढरा पीळ घातलेला.
एकटा दिवसाला एक थेंब पितो.
पाच हजार असले की पाव लिटर.
मेंढी चरत राहते,
जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबेपर्यंत
काही कळू देत नाही.

लगमव्वा धरते, मी बघते, इलाही लिहितो.
इलाही खरं तर जीपचा ड्रायव्हर,
पण त्याचे आकडे माझ्याहून वळणदार.
बिल्ला तेरा, दोन.
बिल्ला चौदा, दोन.
बिल्ला पंधरा, चार: पाजा.
तोंडाच्या कोपऱ्यातून नळी, जिभेवरून मागं, एक घोट.
बाकीच्यांना नाही.

"समद्यास्नी का पाजत न्हाईस?"
मी सांगते, सगळ्यांना पाजलं
तर औषधाला न मरणारेच किडे उरतात,
मग माळभर त्यांचीच पिलावळ,
आणि बाटलीतलं औषध म्हणजे पाणी.
म्हणून थोडे दुबळे किडे जगू द्यायचे,
दांडग्यांची जात पातळ राहते.
ती जरा थांबते.
"दांडगं गावात बी लई झाल्यात," म्हणते
आणि पुढची मेंढी गुडघ्यात दाबते.

तिला कार्ड लागत नाही.
बिल्ला एकवीसला मी हात लावायच्या आधीच: "ही पाच."
कशावरून?
"तीन दिस झालं, मागं चालतीया.
आन् केस धरलं की हातात येत्यात."
मी पापणी ओढली. पाच.
माझ्या प्रबंधात अकरा रकाने आहेत,
मागं चालण्याचा एकही नाही.

चौसष्ट झाल्या. तिनं चुलीवरनं चहा आणला,
आणि कपाऐवजी माझी हनुवटी धरली.
"हिकडं बघ."
तिच्या अंगठ्याला मिश्रीचा न् मेंढीचा वास.
कार्ड तिनं उलटं धरलेलं, इलाहीनं सुलटं करून दिलं.
"चार," ती म्हणाली.
"लिहू का मॅडम?" इलाही.
आम्ही तिघंही हसलो.
मेसचं जेवण, मी म्हटलं, परीक्षा, प्रवास,
असलं काहीबाही.

मग म्हटलं, आता तुमची.
तिनं आधी माळाकडं बघितलं, मग वर.
दोन हजार पापण्या ओढलेला माझा अंगठा
तिच्या गालापाशी उगाच घुटमळला.

कागद.

मी आकडा बोलले नाही.
पण चौसष्ट वेळा ऐकलेलं होतं तिनं माझं बोलणं,
आणि आता न बोलणंही.
"मी कवाधरनं मागं चालतीया," ती म्हणाली,
"पर माज्या मागं कोन हाय बघाया?"

नियम सांगतो: पाच असेल तर त्याच दिवशी उपचार,
चौदा दिवसांनी परत तपासणी.
माझ्याकडं सात बाटल्या होत्या,
सातही बाटल्यांवर मेंढीचं चित्र.

इलाहीनं वही मिटली, जीपचं दार उघडलं.
"सरकारी दवाखाना नऊला उघडतो, अव्वा."
"आन् मेंढरं?"
"मॅडम हाईत की."

असं मला कुणी विचारलंच नाही.
जीपच्या धुरळ्यामागं कळप धावला,
मी हुर्र केलं, थांब म्हटलं, शिट्टी वाजवून बघितली,
पाच वर्षं शिकलेलं सगळं करून बघितलं.
एकही वळली नाही.

एकवीस नंबर तेवढी
माझ्यापाशी उभी राहिली, जबडा हलवत.
आम्ही दोघी नाही धावलो.