धोट्याचं लाकूड

पहिला डबलटेपनं चिकटवला होता.
एप्रिलात होटगी रोडला, फाटकापाशी
सुटला, गिअरवर आपटला आणि पायाशी गेला.
क्लचखाली अख्खा सोलापूर जिल्हा.

दुसरा मल्लिनाथनं छापून दिला,
पॉलिटेक्निकच्या मशीनवर, रात्रभर, थरावर थर.
निळाशार. स्क्रूची भोकंसुद्धा छापूनच आलेली.
मी म्हटलं, पोरा, आपल्या उन्हाचं काय?
तो काहीतरी म्हणाला, हसला.
अक्कलकोटला पॅसेंजर दर्शनाला गेले,
काचा बंद, दुपारचे तीन,
परत आलो तर कांद्याच्या पातीसारखी
मान टाकून बसलेला.

मग मीच घेतलं हातात.
वॅगनआरचा डॅशबोर्ड उघडला, रेडिओ काढला.
तो तसाही माझ्या कामाचा नव्हता.
मागं तारांचा गुंता.
गुंत्याला मी भीत नाही. बीमवरच्या दोन हजार तारांत
तुटलेली एक, चालत्या मागावर, बोटांनी शोधलीय.
पिवळी कायम जागी असते,
ती धरली तर सकाळी बॅटरी मेलेली.
लाल किल्लीबरोबर उठते, किल्लीबरोबर झोपते.
लाल घेतली. मधे पाच अँपिअरचा फ्यूज.

माप मात्र बालामणीनं काढलं.
मी पट्टी घेऊन दोनदा चुकलो होतो.
तिनं विड्यांचं सूप बाजूला सारलं,
शेंगाचटणीच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला,
टॅब त्यावर पालथा ठेवला
आणि पान कापायच्या कात्रीनं, न थांबता, फिरत गेली.
"कोपरे गोल आहेत याचे. तू चौकोन काय कापतोस?"
पोरीच्या बारावीचा टॅब, एका कोपऱ्याला तडा.
तडासुद्धा तिनं पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं काढून ठेवला.
कशाला, ते विचारलं नाही.

धोटा माळ्यावर होता.
शेड मोडीत निघाली तेव्हा मालकानं
काही दिलं, काही राहिलं.
हा मी न सांगता आणला.
टोकाचं पोलाद कापून काढलं, मधोमध उभा चिरला.
तेल प्यालेलं लाकूड, करवतीला सोडेना.
मिनिटाला शंभरावर फटके खाल्लेल्याला
ऊन काय करणार?
दोन्ही फाकांना कानशीनं खाच पाडली:
टॅब वरून घसरतो, खाली बसतो.
भोवती फायबरचं कापड, राळ, एम-सील,
तीन दिवस पॉलिशपेपर. नाकात अजून धूळ आहे.
डावी बाजू दोन सूत खाली राहिली.
राहू दे.

स्टँडवर विचारतात, फोन आहे की,
एवढं थोरलं पाटीएवढं कशाला?
फोनमधली बाई बोलते ना, मी सांगतो,
डावीकडे वळा, उजवीकडे वळा.
तीस वर्षं चाळीस मागांच्या मधे उभा होतो.
तिथं माणूस ओठ बघून ऐकायला शिकतो.
बाईला ओठ नाहीत.
म्हणून बाण पाहिजे. तळहाताएवढा.

परवा विजापूरचं भाडं मिळालं.
मागं एक बाई, मांडीवर नातू, पुढं तिचा भाऊ.
तेरामैल सुटलं तेव्हा आरशात
तिचे ओठ हलले. "काहीतरी वाजतंय."
कुठं?
तिनं हात लांब करून दाखवलं.
मी बोट टेकवलं.

होतं. बारीक, एकसारखं,
खाचेत लाकडाला लागून.
टॉवेलच्या किनारीची चिंधी ठोसली की बसेल.
बालामणीनं काढून दिलीय,
चार दिवस झाले, खणातच पडून आहे.

टाकळी आली. भीमेचा पूल. बाण सरळ.
भाऊ माझ्याकडे बघून काही विचारत होता.
मी बोट जरा उशिरा काढलं.