चव: नाही

दिवसभर मी लिहिते,
रंग: नाही. वास: नाही. चव: नाही.
सुपीरियर सरोवराचं पाणी बाटल्यांत भरून
डुलुथ शहराला सही करून देते
की तुमच्या नळातून
पाण्याशिवाय काहीही येत नाही.

आणि गुरुवारी संध्याकाळी
टेकडीचा गोठलेला उतार
आडवी पावलं टाकत उतरते,
मार्लिसच्या बारमध्ये शिरून
टोपी, मफलर, कोट, हातमोजे काढते,
सोललेल्या कांद्यासारखी स्टुलावर बसते.

मार्लिस काही विचारत नाही.
फळीत चार भोकं, भोकांत चार छोटे ग्लास.
चौथं भोक सैल आहे.
तो ग्लास कायम डुगडुगतो.

आईचा गुरुवारी उपास.
फोनवर विचारते, कुठे असतेस गं या वेळी?
मी म्हणते, पाण्याचंच काम.
बेचाळिसाव्या वर्षी
ताकाला जाऊन भांडं लपवते.

शेजारच्या स्टुलावर टॉइवो हाक्काला.
चाळीस वर्षं त्याने बिअर मुरवली,
गेल्या साली एका तापात नाक गेलं.
म्हणजे आहे जागेवरच, लालबुंद, ऐसपैस,
पण आत कुणी राहत नाही.
आता बिअर म्हणजे त्याला
गार, आणि बुडबुडे.
"तू सांग," तो म्हणतो. "घाई नको."

पहिली मी लगेच ओळखते.
हे माझंच पाणी, मंगळवारचं,
मऊ, कुठल्या दगडाशी फारसं न बोललेलं,
वरून जवाचा नुसता हात फिरवलेला.
आडात असेल तेच, मी सुरू करते,
आणि पोहऱ्यापाशी अडते.
इंग्रजीत पोहरा कसा काढायचा?
बादलीवर भागवते.
तो मान हलवतो. बादली त्याला पटते.

दुसरी कडू.
पण कडू म्हणून कसं चालेल?
कारलं जेवणात बसतं,
कडुनिंब वर्षातून एकदा, तोंड वाकडं करून,
आणि मेथी गोड बोलून पुढे जाते,
मागाहून कडू होते.
ही मेथीच्या जातीची.
"मेथी," टॉइवो म्हणतो,
एखाद्या मुलीचं नाव घ्यावं तसं.

तिसरीपाशी माझं इंग्रजी संपलं.
काळी, दाट, काठाला चिकटणारी.
खमंग, मी म्हणते, मराठीतच,
खमंगच्या दोन पावलं पुढे, करपट,
पण करपलं म्हणून कुणी ओरडणार नाही इतपत.
आणि शेवटी तुरट.
तुरट म्हणजे जीभ अंग चोरून बसते.
"तुरत," टॉइवो म्हणतो.
ट त्याला येत नाही.
मी दुरुस्त करत नाही.

खाली बंदरात भोंगा वाजतो,
एक लांब, दोन आखूड.
हंगामातलं शेवटचं जहाज असावं.
टॉइवोचे डोळे मिटलेले, मिशीला फेस.
"थांब," म्हणतो, "तळाला लागलेला जव.
तेरा वर्षांचा होतो. आच बघायला बसवलं
आणि मला लागली झोप.
बापाने पट्ट्याने मारलं."
आणि बिअर? मी विचारते.
"ती दोघांनी मिळून संपवली."

चौथी.
आंबट, म्हणायचं तर.
चिंच? नाही. कोकम? नाही.
चेरी आहे, मार्लिस सांगते,
पण चेरीचा घास संपल्यावर
जे उरतं, ते काय आहे?
मी दुसरा घोट घेते. तिसरा घेते.
दोन्ही भाषांचे खिसे उलटे करून झटकते.
मार्लिस ग्लास पुसायची थांबते.
टॉइवो वाट बघतो,
दवाखान्यात नाव पुकारण्याची बघावी तशी.

मी उरलेलं त्याच्यापुढे सरकवते.
तो घेतो. बराच वेळ तोंडात धरतो.
गिळतो.

"गार," तो म्हणतो.

मी ग्लासाला हात लावून बघते.
खरंच की.